पिशवीची बखर

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागें एक खुंटी आहे आणि त्या खुंटीस एक खाकी पिशवी अडकविलेली असते. धाकट्या भावाची शाळेची विजार गुडघ्यावर फाटली, तेव्हां आईनें तिचे दोन्ही पाय कापून, उलगडून व एकास एक जोडून ही पिशवी शिवली. सन १९७४ ची ही गोष्ट. त्या सालीं मी मॅट्रिकच्या वर्गांत होतों. पुढें मी शिक्षक झालों, चौतीस वर्षें मुलांना इतिहास शिकविला. आणि त्या सर्व वर्षांत गड, तह व सनावळ्या यांपलीकडेहि इतिहास असतो असें माझ्या मनांत फारसें आलें नाहीं. ही पिशवी मात्र डोळ्यांसमोर लोंबत होती. आज, श्रोतेहो, तिच्याविषयीं आणि तिला घरांतून जवळजवळ हांकलून देणाऱ्या तिच्या प्रतिस्पर्धिनीविषयीं कांहीं सांगण्याचें योजिलें आहे.

माझ्या लहानपणीं बाजारांत पिशवी मिळत नसे; पिशवी घेऊन बाजारास जावें लागे. आठवड्याच्या बाजारास निघतांना एका हातांत कापडी पिशवी व दुसऱ्या हातांत तेलाची किटली असे. घासलेटासाठीं निराळा डबा, कारण एकदां घासलेट भरलेल्या भांड्याचा वास जन्मांत जात नाहीं. वाणी डाळ, साखर, चहा रद्दीच्या कागदांत बांधून देई. पुडा बांधणें ही एक विद्याच होती. कागदाचा शंकु करावयाचा, माल ओतावयाचा, वरची कड आंत दुमडावयाची, आणि डोक्यावर टांगलेल्या रिळाचा दोरा खेंचून चार वेढ्यांत गांठ मारून तो हिसक्यासरशी तोडावयाचा. हें सारें तोंडानें गिऱ्हाइकाचा हिशेब चालू असतांना. तो दोरा घरीं आल्यावर कोणी टाकीत नसे. आमच्याकडे अशा दोऱ्याचें नारळाएवढें गुंडाळें होतें. कागद हातानें सारखा करून फडताळांत अंथरला जाई. लग्नकार्यांत पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण असत. पंगती उठल्या कीं त्या गुरांपुढें किंवा उकिरड्यावर जात आणि पावसाळ्यानंतर त्यांचें खत होई. मुंबईस आरेचें दूध काचेच्या बाटल्यांतून मिळे. रिकामी बाटली द्यावी, भरलेली घ्यावी. जुन्या लुगड्याची गोधडी होई, गोधडीचें पायपुसणें होई, आणि ज्या कपड्यांत अजून कांहीं जीव असे ते बोहारणीच्या टोपलींत जाऊन त्यांच्या मोबदल्यांत एखादें पातेलें घरांत येई. त्या घासाघिशींत अर्धी दुपार जात असे व गल्लींतील चार बाया पंच म्हणून बसत.

हें ऐकून त्या पिढीचे लोक निसर्गाचे थोर उपासक होते असा समज कोणी करून घेऊं नये. आमच्या घरांत 'पर्यावरण' हा शब्दच कोणाला ठाऊक नव्हता. कापड महाग होतें, कागद महाग होता, म्हणून टाकवत नव्हतें, एवढेंच. शिवाय त्या व्यवस्थेंत गैरसोयहि पुष्कळ होती. पावसांत पुडा भिजून घरीं येईपर्यंत निम्मी साखर रस्त्यावर सांडली, म्हणून मीं आईचीं बोलणीं खाल्लेलीं आहेत. छापील कागदाची शाई भज्यांस लागत असे आणि तीं आम्ही आनंदानें खात असूं. तेव्हां पुढें जें आलें त्याचें आम्हीं स्वागत केलें, तें निव्वळ मूर्खपणानें केलें असें मला आजहि वाटत नाहीं.

जें आलें त्याची जन्मकथा मोठी चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत बिलियर्ड्स नांवाच्या खेळाचें वेड फार पसरलें होतें. त्याचे चेंडू हस्तिदंताचे करीत, आणि एका दंतांतून चांगले चेंडू मोजकेच निघत. चेंडवांसाठीं हत्ती मारले जात होते व दंत महाग होत चालला होता. तेव्हां खेळाचें सामान करणाऱ्या न्यूयॉर्क येथील फेलन आणि कोलेंडर या पेढीनें सन १८६३ च्या सुमारास, हस्तिदंतास पर्याय शोधून देणारास दहा हजार डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. जॉन वेस्ली हायट नांवाचा, छापखान्यांत काम करणारा एक मनुष्य त्या मागें लागला आणि १८६९ मध्यें, नायट्रिक ॲसिडाची प्रक्रिया केलेल्या कापसाच्या तंतूंत कापूर मिसळून त्यानें सेल्युलॉइड तयार केलें. त्याच्या आधीं, १८६२ च्या लंडन येथील प्रदर्शनांत अलेक्झांडर पार्क्स यानें असाच पदार्थ मांडला होता. पण बाजारांत पाय रोवले ते हायटच्या पदार्थानें. पूर्वीं कांसवाच्या पाठीच्या होणाऱ्या फण्या आतां सेल्युलॉइडच्या होऊं लागल्या. या नव्या पदार्थामुळें हत्ती व कांसव यांस जीवदान मिळेल असें तो विकणारे अभिमानानें सांगत. म्हणजे प्लास्टिकाच्या घराण्यांतील हा मूळपुरुष बाजारांत आला तो मुक्या प्राण्यांचा कैवारी म्हणून! त्याच कांसवांच्या पोटांत आज समुद्रामध्यें काय सांपडतें हें आपण वाचतों, तेव्हां या प्रारंभाची आठवण मला होते.

१९०७ मध्यें लिओ बेकलंड यानें बेकेलाइट शोधून काढलें. ज्यांच्या घरीं वडिलांच्या वेळचा रेडिओ अजून माळ्यावर पडलेला असेल त्यांनीं त्याची तपकिरी पेटी हातानें चांचपून पाहावी. बहुधा ती बेकेलाइटची असेल. परंतु आपल्या पिशवीचा खरा जन्म १९३३ च्या मार्च महिन्यांतील. इंग्लंडांत चेशायर परगण्यांत नॉर्थविच गांवाजवळ आय. सी. आय. या कंपनीची प्रयोगशाळा होती. तेथें एरिक फॉसेट व रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे रसायनज्ञ इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन तो बेन्झाल्डिहाइडबरोबर संयोग पावतो कीं काय हें पाहत होते. संयोग कांहीं झाला नाहीं, प्रयोग फसला. पात्र उघडून पाहतात तों तळाशीं मेणासारखा चिमूटभर पांढरा पदार्थ! तोच पॉलिथिन. प्रयोग पुन्हां करूं गेले तर स्फोट होऊं लागले, म्हणून तें काम बासनांत बांधून ठेवलें गेलें. १९३५ च्या डिसेंबरांत तें फिरून हातीं घेतलें व साधलें, आणि १९३९ सालीं कारखाना चालू झाला. लागलीच महायुद्ध पेटलें. विमानें दुरून टिपणाऱ्या रडार यंत्राच्या तारांस वेष्टण म्हणून हा पदार्थ इतका उपयोगी पडला कीं त्याची कृति गुप्त ठेवण्यांत आली. युद्ध संपलें आणि गुप्त वस्तु घरगुती झाली. पुढें १९५३ मध्यें जर्मनींत कार्ल झीगलर यानें तो प्रचंड दाब न देतांहि अधिक घट्ट जातीचें पॉलिथिन करण्याची युक्ति काढली. तिच्याबद्दल त्यास १९६३ सालचें नोबेल पारितोषिक इटालीच्या नात्ताबरोबर मिळालें. पातळ असून न फाटणारी पिशवी होण्यास हें घट्ट पॉलिथिनच हवें होतें.

ती पिशवी स्वीडनांत झाली. सेलोप्लास्ट या कंपनींतील स्टेन गुस्ताफ थुलिन नांवाच्या इंजिनियरानें पॉलिथिनची एक नळी घेऊन, तिच्या घड्या घालून, एकीकडून चिकटवून व दुसरीकडे कात्री चालवून दोन बंदांची पिशवी केली. तिचें अमेरिकन पेटंट १९६५ मध्यें मिळालें. बंडीसारखी दिसणारी आपल्या ओळखीची पिशवी ती हीच. त्या वेळीं तिकडे कागदी पिशव्यांचें राज्य होतें. सपाट बुडाची कागदी पिशवी करणाऱ्या यंत्राचें पेटंट १८७१ मध्यें मार्गारेट नाइट या बाईनें, आपली कल्पना चोरणाऱ्या पुरुषाशीं भांडून मिळविलें होतें. ती कथा स्वतंत्र भाषणाच्या योग्यतेची आहे. कागदी पिशव्यांसाठीं झाडें तोडलीं जातात, टिकाऊ पिशवी असली तर तीं वांचतील, असा थुलिनचा हेतु होता असें त्याच्या चिरंजीवांनीं सांगितलेलें आहे. थुलिन स्वतः एक पिशवी घडी करून खिशांत बाळगी व तीच पुन्हां पुन्हां वापरी. लोक ती एकदां वापरून फेंकून देतील हें त्याला विचित्र वाटलें असतें, असें मुलाचें म्हणणें आहे.

पहिल्यांदा हत्ती वांचविण्याकरितां, दुसऱ्यांदा झाडें वांचविण्याकरितां! दोन्ही वेळां हेतु खोटा नव्हता.

आमच्या तालुक्याच्या गांवीं ही पाहुणी १९८० नंतर हळूहळू आली. त्याच्या आधीं प्लास्टिकच्या तारांनीं विणलेली वायरची पिशवी घरोघर आली होती. माझ्या पत्नीनें विणलेली निळी-पांढरी वायरची पिशवी आमच्याकडे एकवीस वर्षें चालली. तीहि प्लास्टिकचीच, पण तिनें कोणाचें कांहीं बिघडविलें नाहीं, कारण ती कोणी रस्त्यावर टाकली नाहीं. हें मीं मुद्दाम सांगतों. नवी पाहुणी निराळी होती. ती फुकट होती. लोक तिला 'कॅरीबॅग' म्हणूं लागले. पिशवी ही नेण्यासाठींच असते, तेव्हां 'नेण्याची पिशवी' म्हणणें म्हणजे 'पिण्याचें पेलें' म्हणण्यासारखें आहे, असें मीं वर्गांत एकदां म्हटलें, तर मुलें हसलीं आणि शब्द तसाच राहिला. मासळी, दहीं, ओली भाजी, सारें तींतून येऊं लागलें. आईची खाकी पिशवी खुंटीवरच राहूं लागली. आई म्हणे, "अरे, घरांतून रिकाम्या हातानें बाजारास निघायला आपण काय पाहुणे आहोंत?" मी हसून सोडून देत असें.

आतां जें सांगणार तें मीं आजवर फारसें कोणास सांगितलेलें नाहीं. १९९७ च्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारच्या आबांची गाय आजारी पडली. तिचें दूध आमच्या घरीं सहा वर्षें येत होतें. माझी धाकटी मुलगी तिच्याच दुधावर वाढली. गाईचें पोट डाव्या बाजूनें फुगलें, तिनें चारा सोडला, आणि आठ दिवसांनीं ती गेली. गुरांच्या डॉक्टरांनीं पोट फाडून पाहिलें तेव्हां मी तेथें उभा होतों. पहिल्या मोठ्या पोटांतून पिशव्यांचा एक दाबलेला, दोरखंडासारखा पीळ पडलेला गोळा निघाला. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं, शिळ्या अन्नाच्या व मिठाच्या वासानें गुरें पिशवी सोडवीत बसत नाहींत, सगळीच गिळतात. ती पचत नाहीं, पुढें सरकत नाहीं व उलटून पडतहि नाहीं, वर्षानुवर्षें सांचत राहते. त्या गोळ्यांतील कांहीं पिशव्यांच्या तोंडाशीं दुहेरी गांठ अजून शाबूत होती. भाजीचीं देठें व उरलेलें अन्न पिशवींत घालून, वास येऊं नये म्हणून अशी दुहेरी गांठ मारून गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवण्याचें काम आमच्या घरीं माझें होतें. स्वच्छतेचा पाठ मी शाळेंत शिकवीत असें, तेव्हां कचरा उघडा टाकावयाचा नाहीं, बांधून टाकावयाचा, याचा मला अभिमानच होता. दुहेरी गांठ मारणारा गल्लींत मी एकटाच नसेन. पण आबांना मी त्या दिवशीं कांहीं बोललों नाहीं, आणि नंतरहि नाहीं. ते आतां नाहींत. पुढच्या आठवड्यापासून दूध डेअरीचें येऊं लागलें. तें प्लास्टिकच्या पिशवींतून.

गाय ही एका गल्लीची गोष्ट झाली. बांगला देशांत १९८८ व १९९८ सालीं महापूर आले, तेव्हां पाणी ओसरण्याच्या वाटा पिशव्यांनीं तुंबल्या असें आढळून आलें, आणि २००२ मध्यें पातळ पिशव्यांवर बंदी घालणारा जगांतील पहिला देश तो ठरला. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या प्रलयानंतर गटारांतून निघालेल्या पिशव्यांकडे सर्वांचें बोट गेलें. न्यायानें बोलावयाचें तर एवढ्या पावसास, भरतीच्या वेळीं, कोणतेंहि गटार पुरें पडलें नसतें. आणि मिठी नदीचें पात्र भराव घालून व बांधकामें करून अरुंद केलें तें पिशव्यांनीं नव्हे. पण जेथें वाट अरुंद असते तेथें बोळा लवकर बसतो, हेंहि खरें.

महाराष्ट्र सरकारनें २००६ च्या नियमांनीं ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांस मनाई केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. जाडीचा हा आग्रह कशाकरितां, असें मला एका श्रोत्यानें पूर्वीं विचारलें होतें. त्याचें उत्तर कचरा वेंचणाऱ्या बायकांच्या हिशेबांत आहे. पातळ पिशव्या दिवसभर वेंचल्या तरी वजन भरत नाहीं, म्हणून त्या रस्त्यावरच राहतात. जाड पिशवीस मोल असतें, म्हणून ती उचलली जाते. दुकानदारासहि जाड पिशवी फुकट देणें परवडत नाहीं. देशभरांत ही मर्यादा १९९९ मध्यें २० मायक्रॉन होती. ती चढत चढत २०२२ च्या अखेरीस १२० वर गेली. दरम्यान २०१८ च्या मार्चांत महाराष्ट्रानें सरसकट बंदीचा हुकूम काढला व जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्या वेळीं पांच हजार रुपये, दुसऱ्या वेळीं दहा, तिसऱ्या वेळीं पंचवीस हजार व तीन महिने कैद. १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरून टाकण्याच्या ताटल्या, पेले, चमचे इत्यादिकांवर देशभर बंदी आली.

आयर्लंडनें दुसरीच वाट धरली. तेथें २००२ सालीं पिशवीवर पंधरा सेंट कर बसविला. ना कैद, ना जप्ती. माणशीं वर्षाला अदमासें ३२८ पिशव्या लागत, त्या २१ वर आल्या. फुकट मिळणारी वस्तु मनुष्य मोजीत नाहीं. तिला चार पैसे पडूं लागले कीं तो खिशांत घडी करून ठेवतो.

आमच्या बाजारांतील हकीकत अशी. भाजी विकणाऱ्या एका मावशींकडे मी वर्षानुवर्षें जातों. बंदीनंतर एकदां मीं त्यांच्या टोपलीच्या तरटाखालीं पिशव्यांचा गठ्ठा पाहिला.

"मावशी, दंड भरावा लागेल हो."

"गुरुजी, तुम्ही पिशवी आणतां. दहांतले आठ जण हात हलवीत येतात. मीं पिशवी नाहीं दिली तर पलीकडची देते. गठ्ठ्याचे पैसे माझे, आणि दंडहि माझाच."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पिशवी करणारे कारखाने दूर असतात, हात हलवीत येणारा बंगल्यांत राहतो, आणि कायद्याचा दंडुका फूटपाथवर बसलेलीच्या टोपलींत पडतो. बंदी नको असें मी म्हणत नाहीं. ती कोठून सुरू व्हावी याविषयीं माझें मत मावशींच्या मताशीं जुळतें.

अलीकडे दुसरा प्रकार दिसूं लागला आहे. सभासंमेलनांत, लग्नांत, दुकानाच्या उद्घाटनांत कापडी पिशव्या वाटतात. वर झाडाचें चित्र असतें. माझ्याच घरीं अशा तेवीस पिशव्या जमल्या. आपण मोठें पुण्य केलें असें मला वाटत होतें. मग इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानें २०११ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाची माहिती माझ्या नातीनें मला वाचून दाखविली. कापूस पिकविणें, सूत काढणें, विणणें, वाहून आणणें या सर्वांत जो धूर हवेंत जातो तो जमेस धरला, तर नवी सुती पिशवी १३१ वेळां वापरावी, तेव्हां कोठें ती एकदां वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करते. कागदी पिशवीसहि तीन वेळां वापरावें लागतें, आणि ती तर पहिल्याच पावसांत राम म्हणते. हा हिशेब केवळ हवेच्या तापण्यापुरता आहे; गाईच्या पोटाचा व गटाराचा त्यांत हिशेब नाहीं. तरी मास्तराचा स्वभाव. मीं लगेच पाटी घेतली. आठवड्यास एक बाजार, वर्षास बावन्न. म्हणजे एक पिशवी अडीच वर्षें. तेवीस पिशव्यांना अठ्ठावन्न वर्षें. माझें वय सदुसष्ट. बावीस पिशव्या मीं त्या मावशींना नेऊन दिल्या व सांगितलें कीं हात हलवीत येणाराला द्या, परत आणली नाहीं तर पुढच्या खेपेस पैसे घ्या. त्यांतील सहा परत आल्या, असें त्या सांगतात.

आईच्या पिशवीचा हिशेब मात्र मला जमला नाहीं. तिच्यासाठीं नवा कापूस पिकलाच नव्हता. विजार फाटली नसती तर ती झालीच नसती. मधलीं पंधरा-सोळा वर्षें ती खुंटीवर बसून होती, तीं वजा करावयाचीं. आई १९९५ मध्यें गेली. गाईचें पुढचें तिला पाहावें लागलें नाहीं. त्या उन्हाळ्यानंतर मीं पिशवी खालीं काढली, तेव्हांपासून ती दर बाजारीं माझ्याबरोबर आहे. तिच्या तळाला दोन ठिगळें आहेत, एक आईच्या हातचें, एक माझ्या. कोणतें कोणाचें हें टांक्यांवरून कोणीहि ओळखील. परवां बटाट्यांच्या वजनानें एका बंदाची शिवण उसवली आहे. घरांतील दाभण कोठें गेला तें सांपडत नाहीं. येथून परत जातांना तो, आणि जाड दोऱ्याचें एक रीळ घेऊन जावयाचें आहे.